इंजिनाआधी खाली वाका: जुन्या डिझेल पिकअपबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की जुनी गाडी घ्यायची झाली तर कुठली घ्याल, तर पत्रांमध्ये परत परत एकच उत्तर, 1970-80 च्या दशकातली डिझेल पिकअप. पुढे खडखडणारं इंजिन, मागे हौदा, आणि आत कॉम्प्युटर नावाचा प्रकारच नाही. आवड चांगलीच आहे, माझीही तीच आहे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि फक्त यांचेच घेतलेत. एक सांगून ठेवतो, बहुतेक सगळ्यांनी इंजिनाबद्दल विचारलंय आणि माझी उत्तरं फिरून फिरून गाडीच्या खाली जाणारेत.

दादा, 1985 ची हायलक्स डिझेल बघून आलो. मालकाने माझ्यासमोर सेल्फ मारला, अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली, आवाज मस्त, धूर अजिबात नाही. मला टोकन देऊन मोकळं व्हायचंय पण मित्र म्हणतो परत एकदा बघ. काय करू?

मित्राचं ऐक. तू गेलास तेव्हा इंजिन गरम होतं की गार, हे तू लिहिलेलंच नाहीस आणि सगळी गोम तिथेच आहे. गरम डिझेल इंजिन कितीही थकलेलं असलं तरी पटकन चालू होतं. डिझेलला पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो, आत घेतलेली हवा दाबून दाबून इतकी तापवायची की त्यात डिझेल मारलं की ते आपसूक पेटलं पाहिजे, म्हणून तर या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन 20 ते 22 ला 1 वगैरे असतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो, आणि थंड इंजिनात हवा पेटण्याइतकी तापतच नाही. म्हणजे इंजिनाची खरी तब्येत फक्त पहिल्या थंड स्टार्टला कळते, नंतर दिवसभर तेच इंजिन शहाण्यासारखं वागतं.

तेव्हा मालकाला फोन करून स्पष्ट सांग की उद्या सकाळी येतोय, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर गप्पा नंतर, आधी बॉनेट उघडून ब्लॉकला हात लाव. कोमट जरी लागला तरी चहा-पाणी घेऊन परत फिर आणि दुसऱ्या दिवशी ये.

गार असेल तर चावी अर्धी फिरव, हीटर प्लगचा, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांब, मग सेल्फ मार. एक-दोन सेकंदात पकडली तर छान. पकडली पण अर्धा मिनिट तीन सिलिंडरवर लंगडली, पांढरा धूर सोडला, डोळ्याला झोंबणारा वास आला आणि मग सरळ झाली, तर एखाद-दुसरा हीटर प्लग गेलाय, ते किरकोळ काम आहे. हीटर प्लगवरची वायर काढायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगला लावायचं, बल्ब पेटला तर प्लग जिवंत. पण सगळे हीटर चालू आहेत आणि तरीही सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली तर मामला कॉम्प्रेशनचा आहे, मग कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय पुढचं बोलणं करायचं नाही. गेज डिझेलचंच लागतं, पेट्रोलवालं त्या दाबाला टिकत नाही. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून बघायचा, आणि आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास पाहिजेत. चारही थोडे कमी असतील तर इंजिन म्हातारं झालंय एवढंच, पण तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर आत काहीतरी मोडलंय किंवा जळलंय.

चालू झाल्यावर अजून तीन गोष्टी, मालकाशी बोलता बोलता होतील अशा. रेडिएटरचा वरचा पाइप हातात धरून ठेव. इंजिन अजून थंड असताना मिनिटभरात तो दगडासारखा कडक झाला तर गॅस पाण्यात चाललाय, म्हणजे हेड गॅस्केट गेलीय नाहीतर हेडला क्रॅक आहे. मग इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेव. थोडं थरथरलं तर चालतं, उडून खाली पडलं आणि भोकातून ढगासारखी वाफ यायला लागली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे झिजलेल्या रिंगांवरून दाब खाली उतरतोय, इंजिनचं काम निघणार. आणि तिसरी गोष्ट फारसं कोणी बघत नाही, गाडी बंद करून एअर फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा पाइप सोडव आणि आतून बोट फिरव. बोटाला तेलकट काळं लागलं तर ठीक. बारीक माती लागली, चिमटीत घेऊन चोळली की कचकचते तशी, तर ते इंजिन कित्येक वर्षं धूळ खात आलंय आणि बोअर-रिंगांचं काय झालं असेल ते सांगायला नको. तिथे आवाज कितीही मस्त असू दे.

हायलक्सचं म्हणशील तर तुझ्याकडे बहुतेक 2.2 चं एल नाहीतर 2.4 चं टूएल इंजिन असेल. दोन्ही साधी आणि दमदार, पण दोन्हीत टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा रबरी पट्टा, आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल तर "मागच्याच वर्षी टाकलाय" या वाक्याला काडीची किंमत देऊ नकोस, घेतल्या घेतल्या बदल. टर्बोवालं टूएल-टी असेल तर हेड क्रॅक होण्याबद्दल ते बदनाम आहे, वरच्या पाइपची टेस्ट दोनदा कर.

डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल डांबरासारखं काळं. मालक म्हणतो आत्ताच बदललंय. खोटं बोलतोय ना?

नसेलही बोलत. जुन्या डिझेलमध्ये नवं ऑइल थोडं चाललं की काळं पडतंच, काजळी असते ती. काळ्या रंगाला घाबरू नका. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर घाबरा, कारण त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तरीही घाबरा, कारण डिझेल पंपातून नाहीतर नोझलमधून, म्हणजे डिझेल आत फवारणाऱ्या इंजेक्टरमधून, डिझेल खाली उतरतंय.

मी बघितलेल्या पिकअपचं इंजिन एक नंबर आहे, वरून पेंटही केलाय, आणि खालून पूर्ण चासीला नुकताच काळा अंडरकोट मारलाय म्हणजे मालकाने किती काळजी घेतलीय बघा. तरी काही तपासायचं राहिलं का?

हो, तो काळा अंडरकोटच तपासायचा राहिला. विकायच्या आधी कोणी चासीला माया लावत नाही. विक्रीच्या महिन्यात मारलेला अंडरकोट हा माझ्यासाठी लाल दिवा आहे, आणि हे मी जरा कडकच बोलतोय कारण लोक इंजिनाच्या आवाजावर भाळून गंजलेला सांगाडा घरी आणतात. इंजिन कितीही बिघडलं तरी ते उतरवता येतं, बोअर करता येतं, दुसरं बसवता येतं. चासी आतून कुजली की तिचं करायचं काय? वरून पट्ट्या वेल्ड करत बसायच्या, आणि त्या वेल्डच्या शेजारी पुन्हा कुजतं.

तर जुने कपडे घालून जा, एक छोटी हातोडी आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या, आणि मालकाला आधीच विचारा की ठोकून बघितलं तर चालेल ना. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली स्टँड पाहिजेत. मग मागच्या चाकांच्या वर जिथे चासी कमानीसारखी वर चढते तिथून सुरुवात करा, कारण चिखल-माती नेमकी तिथे साचून राहते. ठोकत ठोकत पुढे या. चांगलं लोखंड टणकन वाजतं, कुजलेलं थपथप वाजतं आणि हातोडीखाली खपल्या सुटतात. मग पाट्यांचे हँगर, म्हणजे जिथे पाटे (लीफ स्प्रिंग) चासीला अडकवलेत ते ब्रॅकेट, चारही बाजूचे. मग केबिनचे माउंट, ते रबर ठेवलेले बोल्ट असतात, त्यांच्या भोवतालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. आत गेला तर गेला. काही चासी पेटीसारख्या चारी बाजूंनी बंद असतात, त्या आतून बाहेर गंजतात, वरून गुळगुळीत दिसतं आणि आत पापुद्रे. त्यांना खाली पाणी निघायला भोकं असतात, त्यात बोट घालून काय बाहेर येतं ते बघा.

हौद्यात मॅट किंवा प्लास्टिकचं लायनर असेल तर उचलायला लावा, त्याखाली पाणी साचतं. बॉडीवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली कळायला साधा चुंबक पुरतो, पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा म्हणजे पेंटला ओरखडा नको, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाहीये, लांबी आहे. दाराच्या खालची कड, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेच्या खालची फ्रेम, एवढ्या जागा बस झाल्या.

आणि खाली आहातच तर पाट्यांकडेही बघा. एखादा जास्तीचा जाड पाटा घुसडलाय, बंप रबर चेचलेत, डिफरन्शियलच्या नळीवर पाटा आपटल्याच्या खुणा आहेत, असं असेल तर गाडीने आयुष्यभर क्षमतेपेक्षा जास्त माल ओढलाय, मग इंजिन आणि क्लचचं वयही त्याच हिशोबाने धरा. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, या काळातल्या बऱ्याच मीटरांना पाचच आकडे असतात, 99,999 नंतर पुन्हा शून्य, आणि शून्य कितीदा झालं हे कोण सांगणार. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, किती झिजलंय ते.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये सगळ्यात भरवशाची कुठली? एकच नाव सांगा.

एकच नाव सांगणार नाही, कारण जिचे पार्ट तुमच्या हाताशी मिळतात आणि जिचा पंप खोलणारा माणूस तुम्हाला माहितीय तीच भरवशाची. पण प्रत्येकीचं दुखणं वेगळं असतं, ते सांगतो.

टोयोटाचं वर झालंच. डॅटसन 720 मध्ये येणारं एसडी22 हे 2.2 लिटरचं इंजिन कोणाला ग्लॅमरस वाटत नाही, आवाज करतं, पळत नाही, पण त्यात टायमिंगला बेल्ट नाही, गिअर आहेत, त्यामुळे बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकायची भानगडच नाही. मला स्वतःला हे इंजिन फार आवडतं. फोक्सवॅगनची रॅबिटवर, म्हणजे गोल्फवर बेतलेली छोटी पिकअप, जिला कॅडी पण म्हणतात, ती वेगळीच जात आहे, वेगळी चासीच नाही, कारसारखी एकसंध बॉडी आणि पुढची चाकं ओढणारी. 1.6 चं डिझेल, ताकद पन्नाशीतली हॉर्सपॉवर, अ‍ॅव्हरेज जबरदस्त. पण बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर ठरलेली, आणि बेल्ट बदलताना पंपाचं टायमिंग डायल गेज लावूनच बसवायचं असतं, अंदाजपंचे बसवणाऱ्याकडे ही गाडी देऊ नये. शिवाय चासी नसल्यामुळे बॉडी गंजली म्हणजे सगळंच गंजलं. प्यूजो 504 ची पिकअप 1979 पासूनची, त्यातलं 2.3 चं डिझेल चेनवालं, म्हणजे बेल्ट तुटायची भीती इथेही नाही.

मोठ्या अमेरिकन पिकअप आवडत असतील तर फोर्डमध्ये 1983 ला 6.9 लिटर आणि 1988 ला 7.3 लिटर आलं, दोन्ही इंटरनॅशनल कंपनीची मेकॅनिकल व्ही-8. यांचं दुखणं आत लपलेलं असतं, सिलिंडरची भिंत पाण्याच्या बाजूने कंपनामुळे बारीक बारीक भोकांनी कुरतडली जाते, आणि एक दिवस भोक आरपार जातं. कूलंटमध्ये त्यासाठीचं खास अ‍ॅडिटिव्ह घालत राहिलं तर टळतं, म्हणून मालकाला विचारायचं की कूलंटमध्ये काय घालता. नुसतं पाणी, असं उत्तर आलं तर जपून, 7.3 असेल तर जास्तच. जनरल मोटर्सचं 1978 चं ओल्ड्समोबाइलचं 5.7 डिझेल पिकअपमध्येही आलं होतं, त्याचे हेडचे बोल्ट दाबाला पुरे पडले नाहीत आणि डिझेलमधलं पाणी वेगळं काढायचा सेपरेटरही नव्हता, पंप त्यामुळे गंजायचे. हौसेला म्हणून ठेवा, कामाला नको. त्यांचंच 1982 चं 6.2 बरंच बरं, फक्त त्याचे हीटर प्लग फुगून आतच अडकतात, काढताना टोक तुटून आत पडलं तर हेड उतरवायची पाळी येते. आणि डॉजमध्ये 1989 पासून आलेलं कमिन्सचं 5.9, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, ते इंजिन खरंच गाडीपेक्षा जास्त जगतं. त्यात टायमिंग केसमधली एक छोटी पिन सैल होऊन गिअरमध्ये पडते ही एकच कुप्रसिद्ध खोड, ती पिन जागेवर धरून ठेवणारी पट्टी बसवलीय का विचारायचं. बाकी त्या अर्ध्या टनाच्या इंजिनाखाली पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग किती थकलंय ते बघा, पैसे तिथे जातात.

रोज हायवेने ये-जा आहे. अशी गाडी चालेल का रोजच्याला?

चालेल, पण तुमच्या स्वभावावर आहे. टर्बो नसलेलं दोन-सव्वादोन लिटरचं डिझेल म्हणजे साठ-सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर, त्यात भरीला दीड टनाच्या आसपास लोखंड. 80 ला निवांत पळते, 100 ला ओरडते, आणि चढाला मागचे लोक हॉर्न मारतात. त्यात नॉइज एवढा की फोनवर बोलायचं विसरा, तेही बरंच आहे. घ्यायच्या आधी टेस्ट ड्राइव्ह चढावर करा, वरच्या गिअरमध्ये हळू वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाहीये असं झालं तर क्लच प्लेट घसरतेय. आणि जिथे नोंदणी करायची, जिथे रोज जायचं, तिथे एवढ्या जुन्या डिझेलला बंदी किंवा धुराचे वेगळे नियम आहेत का हे टोकनच्या आधी बघा, नंतर नव्हे.

हल्लीचं डिझेल या जुन्या पंपांना मारतं असं ऐकलं. आणि वापरलेलं खायचं तेल घालून चालवतात लोक, ते खरं आहे का? असेल तर मला तेच करायचंय.

पहिलं अर्धं खरं. ही इंजिनं बनली तेव्हा डिझेलमध्ये सल्फर भरपूर असायचं. आता बऱ्याच देशांत ते 10 ते 15 पीपीएमवर, म्हणजे दहा लाखात 10 ते 15 भागांवर आणलंय, युरोपात 2009 पासून 10. सल्फर काढायच्या प्रोसेसमध्ये डिझेलचा मूळचा वंगणपणा पण जातो, आणि या गाड्यांतल्या रोटरी पंपांना दुसरं ऑइल मिळत नाही, डिझेल हेच त्यांचं वंगण. म्हणून रिफायनरीवाले आता वंगणपणाचं अ‍ॅडिटिव्ह घालूनच डिझेल विकतात, त्याचे स्टँडर्ड ठरलेले आहेत, त्यामुळे पंप लगेच मरेल असं नाही. खरा त्रास सीलचा होतो. जुनी नायट्राइल रबरची सीलं वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली असतात, नव्या डिझेलमध्ये ती आक्रसतात आणि पंप पाझरायला लागतो. पंप ओला दिसला की खरेदीत ते बोलायचं, आणि खोललाच तर व्हायटनची, म्हणजे डिझेलला टिकणाऱ्या रबराची सीलं टाकायला सांगायची.

गंमत म्हणजे बाहेर थेंब न दिसताही गळती असते. टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये डिझेल ओढलं जातं, दाबलं जात नाही, त्यामुळे तिथे भेग असेल तर डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खात बसते, नाहीतर चालू होते, पाच सेकंदात बंद पडते आणि मग फिल्टरवरचा हातपंप मारला की पकडते. लोक याला पंप गेला समजतात. पंपाआधी फूटभर पारदर्शक पाइप लावून बघा, बुडबुडे दिसले तर दोन क्लिप आणि एका पाइपचं काम आहे. हे माहीत असेल तर अशी "पंप खराब" गाडी स्वस्तात पदरात पडते.

खायच्या तेलाचं, कृपा करून नको. गाळून, गरम करून, वेगळी टाकी बसवून करणारे करतात, पण तेल जाड, थंड असताना नोझल नीट फवारत नाही, अर्धवट जळतं, रिंगांत गोंद बसतो, आणि इंजिन ऑइलमध्ये उतरलं तर ते ऑइल जेलीसारखं होतं. लुकास-सीएव्ही जातीचे रोटरी पंप तर थंड तेलाने मोडतातच. बायोडिझेल ही वेगळी गोष्ट, थोड्या प्रमाणात मिसळलं तर वंगणपणाला उलट मदतच होते, फक्त ते टाकीतला जुना गाळ धुऊन काढतं म्हणून सुरुवातीला डिझेल फिल्टर सोबत ठेवा, आणि जास्त प्रमाणात घालायचं तर रबरी पाइप आधी बदला.

काका, शेडमध्ये दहा वर्षं उभी असलेली पिकअप मिळतेय. मालक म्हणतात बॅटरी लावा, चालू करा आणि घेऊन जा. मी त्यांच्यासमोरच चालू करून बघू का?

बॅटरी लावायची घाई नको. आधी टाकीचं झाकण उघडून वास घे. वार्निशसारखा आंबट वास आला तर आतलं डिझेल टाकाऊ आहे, तळाला पाणी असणार आणि पाण्याच्या वर काळा बुळबुळीत थर, ते डिझेलमध्ये वाढणारे सूक्ष्मजीव. ते पंपात गेलं की संपलं. म्हणून टाकीला हातच लावायचा नाही, एक स्वच्छ कॅन ताज्या डिझेलचा, त्यात पंपाची येणारी आणि परत जाणारी दोन्ही लाइन सोडायची, फिल्टर नवा.

मग इंजिन हाताने फिरव. गाडी न्यूट्रलला, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून दोन पूर्ण फेरे. जड जातं, पण सरळ जायला पाहिजे. मधेच ठाम अडलं तर जोर करायचा नाही, एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असेल आणि सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. हीटर प्लग काढून फिरवलं तर पाणी बाहेर येतं आणि कळतं. बेल्टवाली असेल तर दहा वर्षांचा बेल्ट आधी बदल, मग फिरव.

आणि हे नीट वाच. उभ्या राहिलेल्या डिझेलमध्ये पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा दांडा, चिकटून फुल उघडा राहिलेला असू शकतो, इंजिन चालू झालं की पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेलला बंद करायला इग्निशन नसतंच, फक्त डिझेल तोडायचं असतं. त्यामुळे पहिल्या स्टार्टला एअर फिल्टर काढून ठेव आणि एक जण हवेच्या तोंडाशी जाड सपाट फळी घेऊन उभा राहू दे, पळालं तर तोंड पूर्ण बंद करायचं. हाताने किंवा फडक्याने नाही, ते आत ओढलं जातं. नोझलच्या लाइनचे नट सोडून एअर काढशील तेव्हा चष्मा आणि हातमोजे घाल, आणि बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही नेऊ नकोस, ते 100-150 बारला उघडतं आणि डिझेल कातडीच्या आत शिरतं. ती जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जायची वेळ येते, लगेच हॉस्पिटल.

एवढं सगळं मालकाच्या अंगणात होत नसेल तर गाडी "चालू नाही" या भावाने घे. चालू झाली तर तुझा फायदा. चालू आहे असं धरून पैसे द्यायचे नाहीत.

आधी पेट्रोल होती, नंतर डिझेल इंजिन बसवलंय, घ्यावी का?

कागदावर डिझेल लिहिलेलं असेल आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर कागदाशी जुळत असेल तर पुढे बोला. नंबर स्वतः वाचा, वायर ब्रशने घासून, मोबाइलचा टॉर्च मारून. चासी नंबरही तसाच, साधारण पुढच्या चाकाजवळ चासीच्या बाजूवर ठोकलेला असतो, त्याच्या आजूबाजूला वेल्डिंग किंवा ताजा पेंट दिसला तर निघून या, वाद घालू नका. जुळत असेल तर मग बघा की इंजिनाबरोबर मोठा रेडिएटर, डिझेलचा गिअरबॉक्स आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पंप पण आलाय का, कारण बहुतेक कन्व्हर्जनमध्ये इंजिन येतं आणि बाकीचं "जमवलेलं" असतं.

तुम्ही व्हॅक्यूम पंपाचं लिहिता म्हणून विचारतो, माझ्या नव्या-जुन्या पिकअपचा ब्रेक फार कडक लागतोय. ब्रेक शू बदलून झाले, फरक शून्य.

शू निर्दोष होते बहुतेक. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे हवेची वाट अडवणाऱ्या झडपेमुळे, आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि पेडलला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला सहसा थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा पंप लागतो, आणि जपानी पिकअपमध्ये तो बऱ्याचदा डायनॅमोच्या मागे चिकटवलेला असतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय, तसूभर हललं नाही तर पंप, त्याचा पाइप किंवा बूस्टर यातलं काहीतरी गेलंय. पाइपपासून सुरुवात करा, तो सगळ्यात स्वस्त. डायनॅमोच्या मागे ऑइल ओघळलेलं दिसत असेल तर व्हॅक्यूम पंपाचं सील गेलंय, त्याला इंजिनातूनच ऑइल जातं, म्हणून पातळीही तपासा. आणि हे होईपर्यंत हौद्यात माल भरून उतारावर नेऊ नका.